सकाळची शुगर 98, दुपारची 262: खरी कोणती?

किडनी बदलल्यानंतर शुगर कशी सांभाळायची, याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं या अंकात देत आहोत. गोळ्यांचे आणि इन्सुलिनचे डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना सासूबाईंनी किडनी दिली, त्याला तीन महिने झाले. आधी शुगर कधीच नव्हती. गावातल्या लॅबमध्ये उपाशीपोटी 98 आली, पण तपासणीला गेलो तेव्हा दुपारी 262 निघाली. कोणत्या लॅबवर विश्वास ठेवायचा?
(वाचक भगिनी, वसमत)

ताई, दोन्ही लॅब बरोबर आहेत. फरक वेळेचा आहे. मिस्टर सकाळी प्रेडनिसोलोनची (स्टेरॉइडची) गोळी घेत असतील. तिचा जोर चार ते आठ तासांनी सर्वात जास्त असतो आणि रात्री उतरत जातो. म्हणून शुगर दुपारी जेवणानंतर चढते, संध्याकाळपर्यंत चढलेली राहते आणि पहाटे खाली येते. फक्त उपाशीपोटी तपासलं, तर शुगरचा हा आजार महिनोन्‌महिने लपून राहू शकतो. जोडीला टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटणं कमी करते. पण म्हणून ती गोळी स्वतःहून कमी करायची नाही. शुगरवर औषधं आहेत, गेलेली किडनी परत येत नाही.

घरच्या मशीनवर रोज दोन वेळा तरी पाहा : उपाशीपोटी, आणि दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी. आठवड्यातून दोनदा रात्रीच्या जेवणाआधीही पाहा. आकड्याशेजारी वेळ आणि त्या दिवशीची प्रेडनिसोलोनची मात्रा लिहा. आधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा कापलेल्या बोटावर मशीन शंभरेक आकडा सहज जास्त दाखवते. ‘तीन महिन्यांची सरासरी’ म्हणजे एचबीएवनसी, ही तपासणी प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत फसवी असते, कारण रक्त चढवलेलं असतं, हिमोग्लोबिन बदलत असतं.

एक चूक फार धोक्याची. संध्याकाळी 240 दिसली म्हणून रात्रीचं इन्सुलिन स्वतःच वाढवणं. प्रेडनिसोलोनचा जोर रात्री ओसरतो, इन्सुलिन मात्र काम करत राहतं आणि पहाटे तीनला शुगर फार उतरून माणूस घामाने ओलाचिंब होतो. शुगर 70 च्या खाली गेली तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्धा ग्लास पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. पेढा किंवा लाडू नको, त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीच घालू नका, सरळ दवाखाना गाठा. आणि डॉक्टर प्रेडनिसोलोन कमी करतील तेव्हा ‘इन्सुलिनचं काय करायचं?’ हे त्याच भेटीत विचारा. हा प्रश्न बहुतेक जण विसरतात.

प्रश्न : ज्वारीची भाकरी कितीही चालते ना? वडील दोन्ही वेळेला दोन-दोन खातात.
(वाचक, गंगाखेड)

नाही. गव्हापेक्षा ज्वारी बरी हे खरं, पण ‘कितीही’ हा शब्द घात करतो. पीठ एकदा काट्यावर तोलून बघा. आपल्याकडची चांगली हातभर थापलेली भाकरी 90 ग्रॅम पिठाची सहज भरते. त्यात साधारण 60 ग्रॅमच्या वर कर्बोदकं, म्हणजे साडेतीन फुलक्यांचा ऐवज. दोन भाकरी म्हणजे सात फुलके झाले! भाकरी सोडायची गरज नाही, ती लहान करा, 45 ग्रॅमची. शुगर दुपारी चढते, तर दुपारी अशी एक किंवा दीड, सोबत घट्ट वरण किंवा पिठलं आणि पालेभाजी. ठेच्यात आणि शेंगदाण्याच्या चटणीत मीठ किती पडतं तेही बघा, कारण प्रेडनिसोलोन आणि टॅक्रोलिमस रक्तदाबही वाढवतात. मोसंबीचा रस नको, फोडी खाव्यात. पपनस मात्र अजिबात नको, त्याने टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढते. टॅक्रोलिमसमुळे पोटॅशियमही वाढू शकतं, म्हणून केळी रिपोर्ट बघूनच.

प्रश्न : आमच्याकडे फ्रिज नाही, उन्हाळ्यात लाईटही जाते. इन्सुलिन कसं ठेवायचं?
(वाचक, पाटोदा)

मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवा, मधल्या जागेत वाळू भरा, सकाळ-संध्याकाळ ती भिजवा. बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा आणि वर ओलं गोणपाट टाका. मडकं सावलीत, वारा लागेल तिथे असावं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हे छान गार राहतं. पावसाळ्यात दमट हवेमुळे तितकं नाही. बर्फात मात्र कधीच ठेवू नका, एकदा गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं. उघडलेली बाटली साधारण चार आठवडेच वापरायची, म्हणून उघडल्याची तारीख पेनाने बाटलीवरच लिहा. दुधाळ इन्सुलिन टोचण्याआधी तळहातांत दहा-वीस वेळा घोळवा. हलवू नका, फेस होतो. काचेला गुठळ्या चिकटलेल्या दिसल्या तर टाकून द्या. पोटावर टोचताना टाक्यांची आणि नव्या किडनीची बाजू सोडा, आणि रोज जागा बदला.

त्याहून मोठी भानगड सुईची. बाटलीवर ‘40’ (म्हणजे एका मिलीत 40 युनिट) लिहिलं असेल तर लाल टोपणाची सिरिंज, ‘100’ असेल तर नारंगी. 40 च्या बाटलीतून नारंगी सिरिंजने 20 च्या खुणेपर्यंत ओढलं, तर शरीरात फक्त 8 युनिट जातात आणि ‘इन्सुलिन लागू पडत नाही’ अशी तक्रार सुरू होते. उलट 100 ची बाटली आणि लाल सिरिंज, तर 20 च्या खुणेला 50 युनिट! औषध दुकानात बाटली आणि सिरिंज शेजारी धरून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : आषाढी एकादशी धरावी का? आणि गुडघे दुखले तर मेडिकलमधली गोळी चालते का?
(वाचक भगिनी, औसा)

निर्जळी नकोच, नव्या किडनीला पाणी लागतं. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ आहे, वाटीभर खिचडीने शुगर भाकरीपेक्षा जास्त चढू शकते. इन्सुलिन टोचून मग जेवण टाळणं सर्वात वाईट.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घेऊ नका, दोन्ही किडनीला बाधतात. पॅरासिटामॉल बहुधा चालते. गुळवेलीचा काढाही नको, जी प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवलीय तिला तो चेतवू शकतो. बुरशीवरच्या फ्लुकोनाझोलने आणि क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकने रक्तातली टॅक्रोलिमस वाढते, टीबीच्या रिफॅम्पिसिनने घटते. म्हणून कोणत्याही डॉक्टरला आधी ‘किडनी बदललीय’ हेच सांगा. जुलाब लागले तरी टॅक्रोलिमसची पातळी वाढते, त्याच दिवशी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना फोन करा.

प्रश्न : तपासणीला छत्रपती संभाजीनगरला जातो, पहाटेची एसटी असते. सकाळच्या गोळ्या घरूनच घ्याव्यात का?
(वाचक, अंबड)

टॅक्रोलिमस नाही. तिची पातळी पुढच्या गोळीच्या अगदी आधी, आदल्या गोळीनंतर बारा तासांनी मोजतात. गोळी घेऊन गेलात तर आकडा खोटाच जास्त दिसतो, डॉक्टर मात्रा कमी करतात आणि किडनी धोक्यात येते. रक्त अकरा वाजता निघणार आणि आदली गोळी रात्री नऊला, तर चौदा तास होतात, आकडा खोटाच कमी दिसतो, मात्रा वाढते, आणि शुगरही वाढू शकते. गोळ्यांची वेळ कायमची सकाळी दहा-रात्री दहा करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. आदली गोळी किती वाजता घेतली ते लॅबच्या कागदावर लिहून द्या. जेवणाआधीची इन्सुलिनची सुई घरून टोचून निघू नका, एसटी रखडली तर शुगर गाडीतच उतरेल. गोळ्या, मशीन, ग्लुकोजची पुडी आणि फडक्यात बांधलेली भाकरी हातातल्या पिशवीत ठेवा. रक्त देऊन झालं की तिथल्याच बाकड्यावर बसून आधी टॅक्रोलिमस घ्या.