दर नंतर बघ, आधी रेषा बघ

चि. बाय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बाबांचा काजूचा कारखाना हाती घ्यावा की पणजीत नोकरी धरावी, याचं उत्तर मी देणार नाही. ते तुझं तूच द्यायचंस. पण पत्रातल्या एका वाक्यावर बोलायला हवं. 'सरकार एका रात्रीत नियम बदलतं आणि धंदा बुडतो, मग हिशेब करून फायदा काय?' असं तू विचारलं आहेस. डिचोलीसारख्या खाणपट्ट्यात वाढलेल्या मुलीला असं वाटणं साहजिक आहे. खाणी बंद पडल्यावर गंज चढलेले ट्रक तू शाळेत जाता-येता पाहिले आहेस. तरी ते पुरतं खरं नाही.

माझी हयात लोकांची कराची विवरणं भरण्यात गेली. ट्रकवाले, काजूवाले, हॉटेलवाले, फेणीच्या भट्टीवाले, सगळे माझ्या टेबलासमोर बसून गेले. नवा नियम आला की प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: 'दर किती?' मी मात्र आधी रेषा कुठे मारली आहे ते बघतो. अमक्या किमतीपर्यंत, तमक्या उलाढालीपर्यंत, ह्या प्रतीचा माल, ह्या नावाची वस्तू. सरकारचा निर्णय कुठलाही असो, त्यात अशी एखादी रेषा असतेच. आपण तिच्या कुठल्या बाजूला उभे आहोत आणि तिथून सरकायला कुणाला जागा आहे, हे आधी शोधायचं. ज्याला सरकता येत नाही त्याच्या अंगावर बोजा येतो. कायद्यात कर भरणारा म्हणून नाव कुणाचंही असो.

गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणींचंच घे. पोर्तुगीज काळात दिलेले खाणकामाचे हक्क १९८७ च्या कायद्यानं मुदतीच्या लीज झाले, आणि नूतनीकरण धरूनही त्यांची मुदत २००७ च्या नोव्हेंबरपर्यंतच जात होती. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या निकालात हेच सांगितलं. पण चीनमधून मागणी वाढली, खनिजाचा भाव चढला, आणि मुदतीकडे कोण बघतो? बँका कर्ज देत होत्या, लोक ट्रक घेत होते. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात न्यायालयाची बंदी आली. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी झाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द झालं आणि १५ मार्चनंतर पुन्हा सगळं ठप्प. माझं मत विचारशील तर न्यायालयानं कायदा होता तोच लावला. पण झळ कुणाला बसली बघ. मोठ्या खाणकंपन्यांना दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या धंद्यात जाता आलं. ट्रकवाल्याच्या ट्रकाला खनिज वाहण्यापलीकडे काम नव्हतं आणि हप्ता तर दर महिन्याला होता. त्याच्यामागे टायरवाला, वेल्डिंगवाला, साखळी गावाच्या वाटेवरचा कँटीनवाला. ह्या कुणाचंही नाव त्या निकालात नव्हतं.

त्याच लोखंडाची दुसरी गोष्ट पेपरात फार गाजली नाही, पण तुझ्या शिकण्याला ती जास्त उपयोगी आहे. लोहखनिजाच्या निर्यातशुल्कात एक रेषा होती: ५८ टक्के लोह. त्याच्या वर ३० टक्के शुल्क, खाली काही नाही. आपल्याकडचं खनिज बहुतांश हलक्या प्रतीचं, त्यामुळे ते रेषेखालून सुखरूप जायचं. मे २०२२ मध्ये पोलादाचे भाव खाली आणायचे म्हणून केंद्रानं ५० टक्के शुल्क लावलं आणि ही रेषाच पुसून टाकली. हेतू चांगला होता: माल देशात राहावा, घर बांधणाऱ्याला सळई स्वस्त मिळावी. पण आपलं हलकं खनिज देशातल्या पोलाद कारखान्यांना फारसं नकोच असतं. म्हणजे ते बाहेरही गेलं नाही आणि आत कुणी घेतलंही नाही. नोव्हेंबरात ५८ ची रेषा परत आली. त्या सहा महिन्यांत ज्यांनी फक्त '५० टक्के' वाचलं त्यांनी सरकारला शिव्या घातल्या. ज्यांना रेषा कळली होती, ते नेमकं मागणं घेऊन दिल्लीला गेले.

आता ग्राहकाकडून बघ. एप्रिल २०१२ मध्ये पर्रीकर सरकारनं पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला आणि लीटरमागे सुमारे ११ रुपये उतरले. हा फायदा थेट ग्राहकाच्या खिशात गेला, कारण पंपवाल्याला आपला भाव ठरवायची मुभाच नसते. महाराष्ट्राच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या अलीकडच्या पंपांवर पलीकडच्या गाड्या टाकी भरायला येऊ लागल्या. रेषा राज्याच्या सीमेवर पडली की धंदा असा सरळ तिच्यावरून चालत येतो.

हॉटेलात मात्र तसं होत नाही. कळंगुटला तुझ्या मामाचं हॉटेल आहे, त्याला विचार. जीएसटी आला तेव्हा ७,५०० रुपये आणि त्यावरच्या खोलीला २८ टक्के लागले, आणि तेही सुरुवातीला प्रत्यक्ष घेतलेल्या भाड्यावरून नव्हे, फळ्यावर लावलेल्या दरावरून. पावसाळ्यात खोली चार हजाराला दिली तरी टक्केवारी फळ्याची. जुलै २०१८ मध्ये हे सुधारलं, २०१९ मध्ये २८ चे १८ झाले. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० पर्यंतच्या खोलीला १२ ऐवजी ५ टक्के, पण क्रेडिट नाही, म्हणजे खरेदीवर भरलेला कर विक्रीच्या करातून वळता करता येत नाही. लोकांनी ५ वाचलं आणि 'क्रेडिट नाही' हे पुढचे दोन शब्द सोडून दिले. सहा हजारांच्या खोलीवर पाहुण्याचे ७२० चे ३०० झाले, हे खरं. पण चादरी, धुलाई, एसीची दुरुस्ती, बुकिंग कंपनीचं कमिशन यांवर मामा जो कर भरतो तो आधी वळता व्हायचा, आता खर्चात जातो. डिसेंबरात तो हा खर्च भाड्यात घालील आणि पाहुणा मुकाट्यानं देईल. जुलैत खोल्या रिकाम्या असतात, तेव्हा तो त्यालाच सोसावा लागेल. कर तोच, हॉटेल तेच, पण बोजा ऋतूप्रमाणे एका खांद्यावरून दुसऱ्यावर जातो. पुस्तकात याला मागणीची लवचिकता म्हणतात. मामाला तो शब्द माहीत नसेल, पण मे महिन्यातच तो पावसाळ्याचे दर का ठरवून ठेवतो ते त्याला विचार.

आता तुझ्या कारखान्याकडे येतो.

तुम्ही दोन रेषांच्या मधे उभे आहात. बाहेरून येणाऱ्या कच्च्या काजूबीवर आयातशुल्क आहे; २०१६ मध्ये ५ टक्के लावलं, २०१८ मध्ये अडीच केलं. त्यानं आपल्या बागायतदाराच्या बियांना थोडा आधार मिळतो, पण तुमचा कच्चा माल महाग होतो. गोव्यातल्या बिया कारखान्यांना वर्षभर पुरत नाहीत, आफ्रिकेतून आणाव्याच लागतात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. दुसरी रेषा तयार गरांवर. जून २०१९ मध्ये केंद्रानं आयातीची किमान किंमत वाढवली: अख्ख्या गराला किलोला ७२० रुपये, तुकड्याला ६८०. त्यापेक्षा स्वस्त गर बाहेरून आणायचा नाही. ही रेषा तुमच्या बाजूची, आणि तिचे पैसे देतो मिठाईवाला, म्हणजे शेवटी चतुर्थीला काजूकतली घेणारा. मग रेषेला वळसा घालणारे निघालेच. कुणी भाजलेले म्हणून, कुणी पशुखाद्य म्हणून माल आणतो, अशा तक्रारी उद्योगातूनच झाल्या. सरकारनं दिलेल्या संरक्षणावर कारखाना उभा करायचा असेल तर त्याला कुठे भोक पडू शकतं, ते आधी शोधून ठेव.

आणि ज्यानं बाबांची झोप उडते, पण बाबा ज्याला नाव देत नाहीत, ती गोष्ट रिव्हर्स चार्ज. नोंदणी असलेल्यानं शेतकऱ्याकडून सालासकट काजूबी घेतली की जीएसटी शेतकरी भरत नाही, घेणारा भरतो. ५ टक्के, आणि तो रोखीत. साठलेल्या क्रेडिटमधून नाही. समज, एप्रिलात दहा लाखांच्या बिया घेतल्या. वीस मेच्या आत पन्नास हजार बँकेतून गेले. तेवढंच क्रेडिट खात्यावर येतं, बुडत काहीच नाही. पण ते वापरायला गर विकला जायला हवा. बिया सुकवायच्या, उकडायच्या, फोडायच्या, साल काढायची, अख्खा-पाकळी-तुकडा निवडायचा, आणि मोठी विक्री होणार चतुर्थीपासून दिवाळीपर्यंत. तोवर ते पन्नास हजार नुसते पडून, आणि ओव्हरड्राफ्टचं व्याज चालू. बाबा म्हणतात 'कर खातो'. कर खात नाही, मधले महिने खातात. म्हणून बँकेशी बोलायचं ते फेब्रुवारीत, बिया यायच्या आधी. मेमध्ये धावत गेलीस तर ते आपल्या अटीवर देतील.

मसाला काजू करावा असं तू म्हणतेस, बाबा नको म्हणतात, आणि त्यावरून तुमचं घरात भांडण झालं असं लिहिलंस. ह्यात मी तुझ्या बाजूचा आहे. साध्या गराला ५ टक्के आणि भाजून मीठ लावलं की १२, अशी रेषा होती. बाबा अजून तिथंच उभे आहेत. सप्टेंबर २०२५ पासून दोन्ही ५ वर आले. भट्टीवर चढवलं म्हणून आता शिक्षा नाही. पण म्हणून लगेच मोठं यंत्र घेऊ नकोस. खाली आलेली रेषा पुन्हा वरही जाते. आधी थोडा माल बाहेरून भाजून घे, म्हापशाच्या दोन दुकानांत ठेव, पर्यटक मागतो की नुसता चाखतो ते बघ.

बियांच्या खरेदीत आणखी एक. राज्य सरकार आधारभूत किंमत देतं, पण बाजारभाव आणि त्या किमतीतला फरक मिळवायला बागायतदाराला विक्रीची पावती लागते. म्हणून तो पावती देणाऱ्या सहकारी सोसायटीकडे जातो, आणि तुमचा माणूस रोख नोटा घेऊन सत्तरी तालुक्यात फिरून रिकाम्या पोत्यांनिशी परत येतो. दोन रुपये जास्त देऊन हे सुटणार नाही.

२०२३ मध्ये गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा टिळा लावून दुकानं खूप उघडतील. पाकिटावर गोव्याचं नाव आणि आत परदेशी बी, असा माल किनाऱ्यावर आजही विकला जातो. पर्यटकाला चवीनं फरक कळत नाही. तू नाव लावणार असशील तर इथली बी आणि बाहेरची बी यांचे साठे आणि वह्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेव. नंतर वेगळ्या करता येत नाहीत.

काजूच्या बोंडांचं काही करावं, त्यांपासून होणाऱ्या फेणीचा परवाना बघावा का, असंही तू विचारलंस. थोडक्यात लिहितो. फेणीला मानांकन २००९ मध्येच मिळालं, २०१६ मध्ये राज्यानं तिला वारशाचा दर्जा दिला, आणि दोन्ही ऐकायला छान आहे. पण दारू जीएसटीच्या बाहेर आहे. बाटली, खोका यांवर जीएसटी भरायचा आणि त्याचं क्रेडिट कुठेच लावता यायचं नाही, कारण विक्रीवर लागतो व्हॅट आणि अबकारी. शिवाय पलीकडच्या राज्यात गेलीस की अबकारी कायदा नवा. तिथं आपल्या वारशाला देशी दारूच्या कप्प्यात टाकलं तर तिची किंमत तिथंच ठरते. आधी काजू नीट कर.

नियम वाचायची माझी रीत विचारलीस म्हणून सांगतो. बातमीवर विसंबू नकोस, मूळ अधिसूचना काढ. त्यात आधी तारीख, मग व्याख्या, मग अपवाद, सगळ्यात शेवटी दर. 'क्रेडिटशिवाय', 'सालासकट', 'नोंदणीकृत व्यक्तीनं' असले दोन-तीन शब्द असतात, त्यांखाली पेन्सिलनं रेघ मार. मग स्वतःलाच विचार: ह्यानं माझा खर्च बदलला, माझी विक्री बदलली, की माझे पैसे अडकायचा काळ बदलला? तिन्हींची औषधं वेगळी. आणि रेषा चुकीची वाटली तर एकटी मंत्र्याच्या दारात उभी राहू नकोस, संघटनेतून जा. मात्र 'कर कमी करा' एवढंच म्हणालात तर चहा मिळेल, बाकी काही नाही. रिव्हर्स चार्जचे पैसे किती महिने अडकतात त्याचा तक्ता पाच कारखान्यांच्या वह्यांतून काढून नेलात तर अधिकारी निदान मान वर करून बघेल.

पुढच्या रविवारी मी घरीच आहे. येताना गेल्या दोन हंगामांची खरेदीची वही आण, बँकेचा उतारा आण, आणि बाबांनाही घेऊन ये. मसाला काजूचं त्यांच्याशी मी बोलतो. भाजलेला नमुना असेल तर तोही चालेल, मीठ मात्र कमी घाल, डॉक्टरनं बजावलंय.

तुझा,
काका