तार शोधू नका, खांब शोधा

फवारणीच्या हेलिकॉप्टरांवरच्या मागच्या लेखानंतर बरीच पत्रं आली. त्यातली चार घेतो. मी या यंत्रांची देखभाल करत आलो, उडवलं कधीच नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : मुलाला न्यूझीलंडमध्ये फवारणीच्या हेलिकॉप्टरवर काम मिळालंय. म्हणतो, मी जमिनीवरच असणार, टाकीत औषध भरायचं फक्त. मग काळजी नको ना? (गुहागर)

ताई, काळजी करा, पण नेमक्या गोष्टीची. यंत्र दर काही मिनिटांनी टाकी भरायला खाली येतं. प्रत्येक वेळी इंजिन बंद करत बसत नाहीत, पाती फिरतच असतात. डोक्यावरच्या मोठ्या पंख्याची भीती वाटते म्हणून माणूस त्याला जपतो. शेपटीचा पंखा मात्र फिरताना दिसतच नाही, तिथे मोकळी हवा आहे असं वाटतं. म्हणून जायचं ते समोरून, वैमानिकाला दिसेल असं, आणि त्याने खूण केल्यावरच. उतारावर यंत्र उभं असेल तर वरच्या अंगाने कधीच जायचं नाही. आपल्याकडे उतारावरच्या घराची मागची वळचण कशी डोक्याला लागते, तशी चढाच्या बाजूला पाती जमिनीच्या जवळ येतात. आणि टोपी काढून ठेवायची. उडालेल्या टोपीमागे माणूस काहीही न बघता धावतो. एकाला मी बखोटीला धरून मागे ओढलंय.

ऑर्गनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटातली औषधं हाताळणार असेल तर हंगामाआधी रक्तातल्या कोलिनएस्टरेजची तपासणी करून घ्यायला सांगा. नसांच्या कामाला लागणारं हे द्रव्य, ती औषधं अंगात गेली की ते घटतं. आधीचा आकडा हाती नसेल तर नंतर तो घसरला की नाही, हे कळणार कसं?

प्रश्न : इतका अनुभवी वैमानिक विजेच्या तारेला धडकतोच कसा? (देवगड)

तार दिसली नसेल, असं आपण धरून चालतो. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक अपघात तपास संस्थेने 2001 ते 2010 या काळातले असे अपघात तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक वैमानिकांना ती तार तिथे आहे हे आधीच माहीत होतं. उडण्यापूर्वी पाहिलेली, नकाशावर खूण केलेली तार! पण पिकाच्या डोक्यावर दोन-तीन मीटरवरून जाताना एक नजर फवाऱ्याच्या दाबावर, एक वाऱ्यावर, एक शेजारच्या बांधावर असते. विसाव्या-तिसाव्या फेरीला तार मनातून निसटते. सगळ्यात वाईट ती शेवटची फेरी. मुख्य शेत उरकलं, राहिलेला कोपरा मारून टाकू म्हणून दिशा बदलली, की तीच तार नव्या बाजूने आडवी येते.

या धंद्यातली जुनी माणसं सांगतात, तार शोधू नका, खांब शोधा. तार आभाळात विरून जाते, खांब विरत नाही. त्यावरचे चिनी मातीचे इन्सुलेटर बघितले की तार कुठे निघालीय ते कळतं. यंत्राच्या नाकाशी तार कापणारी पाती बसवता येतात, पण तार नेमकी समोरून आणि पुरेशा वेगात आली तरच ती उपयोगी.

याच पत्रात विचारलंय, इंजिन बंद पडलं तरी हेलिकॉप्टर पाती फिरवत उतरतं ना? उतरतं. मात्र त्याला उंची लागते, नाहीतर वेग. भरल्या टाकीने फेरीच्या टोकाला वळताना बहुतेकदा दोन्ही नसतात.

प्रश्न : मजूर मिळत नाहीत, कलमं उंच. मग हापूसवर हेलिकॉप्टर का नाही? (राजापूर)

खर्च सोडूनच देऊ. आपली बाग कातळावर नाहीतर उतारावर, तुकडा लहान, भोवती गडगा, मधूनच विजेची लाइन आणि खाली वाडीची विहीर. केरळात कासरगोडला जमीन अशीच होती. तिथल्या सरकारी काजूबागांवर 1970च्या दशकाच्या अखेरीपासून 2000 पर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे विषारी कीटकनाशक मारत होते. बागा टेकड्यांवर, वस्ती आणि पाणी खाली. टेकड्या आणि तारा असल्या की वैमानिक उंचावरून जातो, आणि जितकं उंच तितकं औषध भलतीकडे. गावांनी त्याची किंमत मोजली. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली ती 2011 मध्ये.

नियमाने हवाई फवारणीआधी किमान 24 तास लोकांना कळवावं लागतं. कळवलं म्हणून विहीर काही उठून दुसरीकडे जात नाही. मला विचाराल तर कोकणात नकोच.

प्रश्न : शेजारी भरदुपारी ड्रोनने फवारतो, वास आमच्या ओसरीवर. ड्रोन तरी सुरक्षित ना? (मालवण)

तारेला धडकून माणूस मरत नाही, एवढं नक्की, आणि ते थोडं नाही. पण ड्रोनच्या टाकीत साधारण 10 लिटर मावतात, म्हणजे द्रावण घट्ट आणि थेंब बारीक. दुपारी खारे वारे सुटले की ते थेंब आत, घाटाच्या दिशेने जाणार. वाटेत तुमची ओसरी. अगदी पहाटे धुकं बसलेलं असतानाही नको. हवा थिजलेली असते, थेंब खाली न बसता तरंगत घळीतून सरकतात. ऊन जरा वर आलंय, पान किंचित हलतंय आणि खारं वारं अजून सुटलेलं नाही, तेवढा वेळ बरा. मोहोर पूर्ण फुललेला असेल तर तेव्हाही थांबावं, कारण फळधारणा करणाऱ्या माश्या त्यावरच असतात.

शेजाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र आहे का, ते भांडण न काढता विचारा. आदल्या दिवशी फोन करायला सांगा, म्हणजे विहिरीवर ताडपत्री टाकता येईल आणि अंगणातलं वाळवण आत घेता येईल.