जॅग्वार एक्सजे१३ कधीच रेसमध्ये का उतरली नाही? आणि म्युझियममधली गाडी ओरिजिनल आहे का?

रेसमध्ये उतरली नाही कारण गाडी तयार होईपर्यंत वेळ निघून गेली होती, आणि म्युझियममधली गाडी तीच आहे, जॅग्वारने दुसरी बनवलीच नाही. १९६६ मध्ये ल मान्ससाठी (फ्रान्समधली २४ तासांची रेस) म्हणून ती पूर्ण झाली, ड्रायव्हरच्या मागे ५ लिटरचा व्ही१२ म्हणजे १२ सिलिंडरचं इंजिन, साधारण ५०० हॉर्सपॉवर, पण त्याच वर्षी जॅग्वार बीएमसी या ब्रिटिश कार कंपनीत विलीन झाली, रेसिंग मागे पडलं, फोर्डच्या ७ लिटर गाड्या आधीच खूप पुढे होत्या आणि १९६८ पासून प्रोटोटाइपला (फक्त रेससाठी बनवलेल्या अशा गाड्यांना) ३ लिटर इंजिनची मर्यादा आली म्हणजे विषयच संपला. तरी १९६७ मध्ये रेसर डेव्हिड हॉब्सने इंग्लंडमधल्या मायरा या गाड्यांच्या चाचणी केंद्राच्या टेस्ट ट्रॅकवर तिच्यात ताशी १६१ मैलांहून जास्त सरासरीने लॅप मारला, भन्नाटच म्हणायचं.

फक्त ओरिजिनल म्हणताना एक लक्षात घ्या, १९७१ मध्ये जॅग्वारच्याच व्ही१२ ई-टाइप या स्पोर्ट्स कारच्या जाहिरातीचं शूटिंग चालू असताना चाक तुटून एक्सजे१३ उलटली आणि पार चेंदामेंदा झाली (टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्यूइस वाचला, नशीब). नंतर बॉडी पुन्हा बनवली, त्यामुळे इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये दिसणारा पत्रा बराचसा १९६६ चा नाही.