आजीच्या घराचे पैसे बर्फावर किती लावावेत?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. वय २२, खेळ फिगर स्केटिंग. देशात पूर्ण मापाची एकच रिंक, म्हणून तीन वर्षांपासून परदेशात सराव. गेल्या जागतिक स्पर्धेत शॉर्ट प्रोग्रामनंतर, म्हणजे पहिल्या फेरीनंतर, २७व्या, आणि फ्री स्केटला, म्हणजे दुसऱ्या फेरीला, पहिले २४ जणच जातात. आता आजीच्या घराच्या विक्रीतला वाटा हाती आलाय. आजच्या खर्चाने तो बरोबर चार वर्षं पुरेल, म्हणजे २०३०च्या फ्रेंच आल्प्स ऑलिम्पिकपर्यंत. भाऊ म्हणतो घर घे. तुम्ही विचारता, सगळे लावू का?

सगळे नकोत. आत्ता अर्धे लावा, आणि तेही गेले असं समजूनच. पत्रात तुम्ही तीन ठिकाणी ‘स्वतःमधली गुंतवणूक’ म्हटलंय. तो शब्द आधी खोडा. ग्रां प्री या निमंत्रितांच्या मालिकेतल्या एका स्पर्धेत वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकाला १८,००० डॉलर, पाचव्याला २,००० आणि सहाव्याला शून्य असंच चालत आलंय. तुम्हाला तर अजून ग्रां प्रीचं आमंत्रणही नाही. बर्फावरचे तास, प्रशिक्षकाची फी, दोन प्रोग्रामची कोरिओग्राफी, बूट-ब्लेड, विमानाची तिकिटं यातलं काहीही बक्षिसातून वसूल होणार नाही. हा हौसेचा खर्च आहे. हौस वाईट असं मी म्हणत नाही. फक्त तिचा हिशेब वेगळ्या वहीत मांडायचा.

तुमच्या बाजूच्या गोष्टीही आहेत, आणि त्या लहान नाहीत. वयाची चिंता सोडा. स्पेनचा हावियेर फर्नांडेझही देशात सोय नाही म्हणून १७व्या वर्षी बाहेर पडला. २०१८ला ऑलिम्पिक कांस्य मिळालं तेव्हा तो २६ वर्षांचा होता. तुम्हीही २०३०ला तेवढ्याच असाल. (त्याच्याकडे तोवर दोन जागतिक विजेतेपदं होती, हे मात्र विसरू नका.) मेक्सिकोचा डोनोव्हान कॅरिलो मॉलमधल्या रिंकवर सराव करून २०२२च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये फ्री स्केटपर्यंत पोचला आणि २२वा आला. दुसरं असं की ऑलिम्पिकची जागा देशाच्या नावावर मिळते, खेळाडूच्या नव्हे. मोठ्या देशात जागा एकीने कमवायची आणि जायचं दुसरीने, असंही घडू शकतं. तुमच्या फेडरेशनकडे दुसरी आहेच कोण!

आता कॅलेंडर पाहा. २०२६च्या मिलान ऑलिम्पिकसाठी एकेरीत महिलांच्या २९ जागा होत्या. त्यातल्या २४ आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत ठरल्या, उरलेल्या पाच सप्टेंबरमध्ये बीजिंगच्या पात्रता स्पर्धेत. २०३०ची पद्धत साधारण अशीच राहिली, तर तुमचा खरा निकाल २०२९च्या मार्चमध्ये लागतो. म्हणजे चौथ्या वर्षाचे पैसे आज बाजूला काढायचं कारणच नाही. पात्र ठरलात तर राष्ट्रीय ऑलिम्पिक समिती आणि प्रायोजक यांच्याकडे मागायला हातात काहीतरी असेल. नाही ठरलात तर तो हंगामच उरत नाही.

म्हणून दोन वर्षांचा खर्च आत्ता मोकळा करा. २०२८च्या जागतिक स्पर्धेपर्यंत एकदा तरी फ्री स्केट गाठलं, तर तिसऱ्या वर्षाचे पैसे काढा. नाही गाठलं, तर नाही. ही अट आजच कागदावर लिहून भावाकडे द्या, कारण त्या रात्री हॉटेलच्या खोलीत ‘फक्त एक जंप चुकली’ असं वाटणारच आहे. ऑलिम्पिक सॉलिडॅरिटी या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या मदत योजनेतल्या शिष्यवृत्तीचा अर्ज राष्ट्रीय समितीमार्फत जातो. पात्रतेची वाट न पाहता त्याची चौकशी आजच करा.

दोन वर्षांची रक्कम शेअर बाजाराच्या जवळही नेऊ नका. फी ज्या चलनात भरता त्याच चलनात, कमी मुदतीच्या ठेवीत ठेवा. तुमचं घरचं चलन घसरलं तर दोन वर्षांचा सराव दीड वर्षातच संपेल. विम्याची पॉलिसी उघडून ‘स्पर्धात्मक खेळ वगळून’ असं कलम आहे का ते बघा, बहुतेक असेल. मग घोट्याची शस्त्रक्रिया स्वतःच्या खिशातून. लहान मुलांना शिकवून थोडं कमवायचं म्हणता, पण तुमच्या व्हिसावर काम करता येतं का, हे आधी विचारून घ्या.

चौथा हिस्सा स्केटिंगसाठी नाहीच. तो इंडेक्स फंडात जाऊ दे. पुढे शिक्षण असो, प्रशिक्षकाचा परवाना असो, किंवा बूट काढल्यावर नोकरी लागेपर्यंतचे महिने असोत. घर घेण्याबाबत भावाची घाई मला पटत नाही. वर्षातले दहा महिने तुम्ही तिथे राहणारच नाही.

शेवटच्या ओळीत तुम्ही जाता जाता लिहिलंय, की पैसे कमी पडले तर आईबाबा राहतं घर गहाण ठेवायला तयार आहेत. त्यांना आजच फोन करा आणि नको म्हणून सांगा, बँकेचा माणूस घर बघायला येण्याआधी.