उत्तर: १०+०.१ ला जिंकणारं बुद्धिबळाचं इंजिन १५ मिनिटांच्या डावात का हरतं?

तुमची पोस्ट वाचली आणि माझंच जुनं दुखणं समोर आलं. इंजिनाची (बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामची) नवी आवृत्ती १० सेकंद अधिक चालीमागे ०.१ सेकंद या वेळेत जुनीला आरामात हरवते, १५ मिनिटांच्या डावांत मात्र शंभरात ४५-५५ ने मागे पडते, मग बदल ठेवायचा की काढायचा, असं तुम्ही विचारलंय. ओपनिंग बुक (सुरुवातीच्या तयार चाली), रंगांची अदलाबदल, हॅश (आधी तपासलेल्या पोझिशन साठवणारी मेमरी) हे तुम्ही पाहिलं असणारच.

असा उलटा निकाल खरा असू शकतो. जोरात छाटणी करणारं, म्हणजे निरुपयोगी वाटलेल्या चाली न तपासताच सोडणारं इंजिन कमी वेळेत जास्त खोल जातं आणि तेवढ्यावर जिंकतं. वेळ वाढवला की समोरचंही तिथवर पोचतं आणि छाटून टाकलेल्या चाली अंगाशी येतात. पोझिशन जोखणारं न्यूरल नेटवर्क मोठं केलं तर याच्या उलट: वेग पडतो म्हणून ब्लिट्झमध्ये (झटपट डावांत) तोटा, लांब डावात फायदा. म्हणूनच स्टॉकफिश या खुल्या इंजिनाचे बदल फिशटेस्टवर (त्याच्या चाचणी-यंत्रणेवर) आधी १०+०.१ ला आणि तिथे टिकले तर ६०+०.६ ला तपासतात. शिवाय वेळ वाढला की बरोबरीत सुटणारे डाव वाढतात आणि एलोतला (खेळाच्या ताकदीच्या गुणांतला) फरक आपोआप आक्रसतो. पण शंभर डावांत ४५-५५ म्हणजे अजून काहीच सिद्ध नाही. एवढ्या डावांत चाळीस-पन्नास एलो इकडेतिकडे सहज होतात.

मला खरी शंका तुमच्या भाड्याच्या क्लाउड मशीनची आहे. मी ज्यांच्याकडून मशीन घेतलं त्यांनी '१६ कोअर, फक्त तुमच्यासाठी' असं लिहून दिलं होतं. प्रत्यक्षात ते १६ थ्रेड निघाले, खरे कोअर ८, म्हणजे एकेका कोअरवर दोन थ्रेडची वाटणी. एकदम १६ डाव लावले की प्रत्येक इंजिनाचा वेग धाडकन खाली. त्यात तीच पोझिशन, तीच फाइल, आणि लॉगमध्ये नोड्स पर सेकंद (सेकंदाला तपासलेल्या पोझिशन) रात्री जेवढे, त्याच्या निम्मे दुपारी! म्हणजे नावाला १५ मिनिटांचा डाव, इंजिनाला मिळालेला विचार सात-आठ मिनिटांचा. छोट्या डावांत तर मशीन मध्येच क्षणभर अडायचं आणि घड्याळ शेवटच्या मिलिसेकंदापर्यंत वापरणारी आवृत्ती वेळेवर हरायची. तो पराभव बुद्धिबळाचा नव्हताच.

तक्रार केली की दर वेळी नवा माणूस, दर वेळी 'मशीन रीस्टार्ट करून बघा'. लॉग जोडले तर उत्तर आलं, सीपीयू १०० टक्के दिसतोय, म्हणजे सेवा सुरळीत आहे. बिल मात्र तासागणिक चालूच. त्या मशीनवरचे सगळे निकाल टाकून द्यावे लागले, याचा राग अजून आहे. सगळ्या कंपन्या तशाच असतील असं नाही, पण मी आता डाव थ्रेडइतके नाही, खऱ्या कोअरपेक्षा एक कमीच लावतो.

तुम्ही आधी वेळेवर हरलेले डाव वेगळे काढा. इंजिनात 'मूव्ह ओव्हरहेड' (प्रत्येक चालीला अडथळ्यांसाठी राखून ठेवलेला वेळ) असेल तर वाढवा; स्टॉकफिशचा मूळ आकडा १० मिलिसेकंद आहे, क्लाउडवर तो मला तोकडा वाटतो. आणि चालीमागे ठरावीक सेकंद देऊन चाचणी घेऊ नका, माझं मत ठाम आहे. २०१७ मध्ये अल्फाझिरो (डीपमाइंडचं स्वतः शिकलेलं इंजिन) विरुद्ध स्टॉकफिश ८ हा सामना चालीला एक मिनिट या हिशेबाने झाला आणि अवघड जागी जास्त वेळ द्यायची स्टॉकफिशची यंत्रणाच वाया गेली, अशी रास्त टीका झाली. २०१८ च्या शोधनिबंधात ३ तास अधिक १५ सेकंद दिले. अल्फाझिरो तेव्हाही १००० डावांत १५५ जिंकला आणि ६ हरला, पण त्या निकालाला वजन होतं.

मग घड्याळ बाजूला ठेवून नोड्स ठरवून खेळवा: एकदा चालीला ५० हजार, एकदा २० लाख. तिथेही निकाल उलटला तर दोष छाटणीत शोधा. न उलटला तर मशीनवर संशय घ्या. मात्र बदलामुळे इंजिन हळू झालं असेल तर या चाचणीत ते दिसणार नाही, त्यासाठी दोन्ही आवृत्त्यांचे नोड्स पर सेकंद वेगळे मोजा. (माझा अनुभव सीपीयूवरच्या अल्फा-बीटा (स्टॉकफिशसारख्या छाटणी करत शोधणाऱ्या) इंजिनांचा, लीलासारख्या जीपीयूवर चालणाऱ्या न्यूरल इंजिनांना हे जसंच्या तसं लावू नका.) रात्रीचा आणि दुपारचा लॉग इथे टाका, मी बघतो.