समाधी नाही हो, स्मारक! (आणि दारातला कान)

प्रश्न असा आलाय. भाची बीजिंगला शिकते, तिने छिंगह्वा युनिव्हर्सिटीतल्या वेन यिदुओ या कवीच्या पुतळ्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं "देशभक्त कवीची समाधी". मामांना शंका आली की समाधी म्हणायचं का स्मारक, आणि स्मारक शब्द आला कुठून.

समाधी साफ चूक. हल्ली दगडी चौथरा दिसला की लोक समाधी म्हणून मोकळे होतात, ऐकून कान किटलेत. अहो समाधीत कोणीतरी असावं लागतं, आळंदीला आहे तसं. छिंगह्वातल्या त्या पुतळ्याखाली कोणी नाही. वेन यिदुओंना १५ जुलै १९४६ ला गोळ्या घातल्या त्या तिकडे पार दक्षिणेला कुनमिंगमध्ये, आधी खून झालेल्या ली कोंगपू या लोकशाहीवादी कार्यकर्त्याच्या शोकसभेत सरकारविरुद्ध उघड बोलले त्याच दिवशी. आणि कुनमिंगच्या युनिव्हर्सिटीत त्यांची जी कबर दाखवतात तीसुद्धा देहाची नाही, चिनीत तिला सरळ "कपडे-टोपीची कबर" असाच शब्द आहे. आपल्याकडे याला शब्द नाही, असायला हवा होता.

आता स्मारक. आठवणारा तो स्मर्ता, आठवायला लावतं ते स्मारक, प्रयोजक आहे, संपलं. परिभाषा करणाऱ्यांनी मात्र मेमोरियललाही स्मारक आणि मॉन्युमेंटलाही स्मारक करून ठेवलं, म्हणून लोहगडावर जावं तर बोर्डावर "संरक्षित स्मारक". लोहगड कोणाच्या आठवणीत बांधलाय हो? राहायला आणि लढायला बांधलाय. यावर एका विद्वान गृहस्थांनी मला "रूढी बलीयसी" ऐकवलं. रूढी कसली, ऑफिसातल्या टेबलावर झालेली चूक आहे ती.

पण खरी गंमत चिनी बाजूला आहे आणि मला तीच सांगायचीय. स्मारकाच्या चिनी शब्दात "न्येन" हे अक्षर येतं, वर "आत्ता" आणि खाली "हृदय" असं लिहितात. हल्लीचे माइंडफुलनेसवाले त्यावरून "आत्ताच्या क्षणी मन" असं गोड प्रवचन देतात, ते सोडा, वरचा भाग उच्चारासाठी आहे. बघायचं ते वेगळंच. आपल्याकडचे बौद्ध ग्रंथ चिनीत नेले तेव्हा "स्मृति"साठी भाषांतरकारांनी हेच न्येन अक्षर घेतलं. इगतपुरीला दहा दिवस विपश्यना करून आलेले "सति, सति" करतात ना, ती याच स्मृतीचं पाली रूप. आणि न्येनचा दुसरा अर्थ काय, तर मोठ्याने वाचणं, म्हणणं! बुद्धाचं नाव घेत बसण्यालाही तिकडे न्येनच म्हणतात. म्हणजे आपलं नामस्मरण की, स्मरण म्हणायचं आणि करायचं तोंडाने, टाळ वाजवत. मनातल्या मनात आठवणं नि तोंडाने म्हणणं या दोन गोष्टी एकाच शब्दात इथेही आणि तिथेही, हे लक्षात आलं तेव्हा मी चहा गार होईपर्यंत कोश चाळत होतो.

अजून संपलं नाही. "वेन" या आडनावाचा अर्थ ऐकणं. अक्षर बघा, दाराच्या दोन फळ्या आणि मधे कान, कोणीतरी दाराशी उभं राहून ऐकतंय असं दिसतं, दार खरं तर इथेही उच्चारासाठीच आहे. बौद्ध सूत्रांच्या सुरुवातीचं "एवं मया श्रुतम्", म्हणजे असं मी ऐकलं, चिनीत नेताना श्रुतसाठी हेच अक्षर वापरलंय. हे गृहस्थ विद्यार्थी असताना नाव लावायचे "वेन दुओ", "यि" म्हणजे एक, तो मधे नंतर आला. "दुओ" म्हणजे पुष्कळ. उलट करून "दुओ वेन" म्हटलं की झाला बहुश्रुत! तर आता जोडा, नावात श्रुत, स्मारकात स्मृति. श्रुती आणि स्मृती एकाच कॅम्पसवर, तेही बीजिंगला.

आणि तिथे जवळच टेकडीवर घंटा टांगलेला जुना मंडप आहे, त्याला १९८६ मध्ये, मृत्यूला चाळीस वर्षं झाली तेव्हा, "वेन मंडप" नाव दिलं. आता घंटेच्या मंडपाला "ऐकण्याचा मंडप" नाव पडणं योगायोग? मी नाही मानत. नाव देणाऱ्याने गालातल्या गालात हसून दिलं असणार. पुरावा माझ्याकडे काही नाही, पण पुरावे मागणाऱ्यांनी आधी लोहगडाचं उत्तर द्यावं.

पुतळ्यामागच्या भिंतीवर त्यांचंच वाक्य कोरलंय, कवीची मुख्य देणगी म्हणजे प्रेम, देशावरचं आणि आपल्या माणसांवरचं. संस्कृतात "स्मर" म्हणजे मदनही होतो, तो विषय इथे काढत नाही नाहीतर रात्र होईल.

हां, एक राहिलं. युद्धाच्या काळात बीजिंग, छिंगह्वा आणि नानकाई या तीन युनिव्हर्सिट्या मिळून कुनमिंगला चालल्या, त्याची स्मारकशिला ४ मे १९४६ ची आहे, नि तिच्या माथ्यावरची जुन्या वळणाची अक्षरं वेन यिदुओंच्या हातची. पगार पुरायचा नाही म्हणून ते शिक्के कोरून द्यायचे, हात त्यातला होता. दुसऱ्यांच्या स्मारकाचं शीर्षक लिहिलं, अडीच महिन्यांच्या आत स्वतःच गेले, आणि आता त्याच आवारात त्यांच्या कपडे-टोपीची कबर.

कॅप्शनचं विचारत होतात ना? "वेन यिदुओ स्मारक, छिंगह्वा" एवढं लिहा. आणि भाचीला सांगा, फोटोत घंटा नाही आली, परत जाऊन काढ.