‘फसवी देहगुहा’ की ‘आभासी देहगुहा’?

मुलुंडच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, गोलकृमीच्या शरीरात द्रवाने भरलेली पोकळी स्पष्ट असताना तिला ‘फसवी देहगुहा’ का म्हणतात, आणि त्याऐवजी ‘आभासी’ म्हणणे बरे होईल का.

पोकळी खरीच असते. मात्र प्राणिशास्त्रात ‘देहगुहा’ हे नाव देहातील कोणत्याही पोकळीला मिळत नाही. भ्रूणाच्या मध्यस्तरापासून, म्हणजे त्याच्या तीन मूळ थरांपैकी मधल्या थरापासून, बनलेल्या अस्तराने जी सर्व बाजूंनी वेढलेली असते, तिलाच ते मिळते. गांडुळात हे अस्तर शरीरभित्तीला आतून आणि आतड्याला बाहेरून, असे दोन्हीकडे असते. जंतामध्ये, म्हणजे गोलकृमीमध्ये, मध्यस्तरापासून बनलेले स्नायू केवळ शरीरभित्तीलगत राहतात आणि आतडे त्या वेष्टणावाचूनच द्रवात असते. म्हणजे ‘फसवी’ हे विशेषण पोकळीच्या अस्तित्वावर शंका घेत नाही, तर ‘देहगुहा’ या नावावरचा तिचा हक्क नाकारते. ‘आभासी’ म्हटले की नसलेली वस्तू भासते असा अर्थ निघतो आणि विद्यार्थी पोकळीच नाही असे समजतो. म्हणून मी ‘फसवी’ हाच शब्द ठेवीन.

‘देहगुहा’ या समासाचा सरळ विग्रह ‘देहातील गुहा’ असा होतो आणि घोटाळ्याचे मूळ तिथेच आहे. हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी दिसणाऱ्या समुद्रफूल या प्राण्याच्या आतही मोठी पोकळी असते, त्याच्या संघाला जुन्या परिभाषेत ‘आंतरगुही’ असेच नाव आहे. पण ती पोकळी अन्न पचवण्याची आहे, देहगुहा नव्हे. खेकड्याचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. त्याच्या शरीरातली मुख्य पोकळी ही रक्ताने भरलेली रक्तगुहा असते आणि सत्य देहगुहा, म्हणजे मध्यस्तराच्या अस्तराने वेढलेली पोकळी, जनन व उत्सर्जन इंद्रियांपुरतीच उरते, तरीही त्याची गणना सत्य देहगुहा असलेल्या प्राण्यांतच होते. चपट्या कृमींत आतडे आणि शरीरभित्ती यांमधली जागा पेशींनी भरलेली असल्याने वादच नाही.

देहगुहेवरून प्राण्यांचे नाते ठरवण्याच्या विचाराला ऑस्कर आणि रिखार्ट हर्टविग या बंधूंनी १८८१ मध्ये सिद्धान्ताचे रूप दिले. पुढे १९९७ मध्ये जनुकीय पुराव्यावरून गोलकृमी आणि संधिपाद (खेकडे, कीटक इत्यादी) हे कात टाकणाऱ्या प्राण्यांच्या एकाच मोठ्या गटात आले, म्हणजे फसवी आणि सत्य देहगुहा असलेले प्राणी एकमेकांचे जवळचे नातलग ठरले. त्यामुळे ‘फसवी देहगुहा असलेले प्राणी’ हे रचनेचे वर्णन म्हणून योग्य आहे. वंशावळीतील एखाद्या शाखेचे नाव म्हणून मात्र ते वापरू नये.